कापसाचे धन आणि जीवशास्त्राचे उच्च शिक्षण

दानाच्या परंपरेत आहारदान, औषधदान, अभयदान आणि शास्त्रदान अशी चार दाने सांगितली आहेत. पहिल्या तिन्हींचे फळ लवकर दृष्टीस पडते. शास्त्रदानाचे फळ मात्र वीस-पंचवीस वर्षांनी, अनेकदा दात्याच्या पश्चात आणि कुठल्या तरी दूरच्या गावी दिसते. त्यामुळे त्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. वनस्पती, प्राणी, शेती, जीवरसायन या विषयांना आज एकत्रितपणे जीवशास्त्र म्हटले जाते. या विषयांच्या उच्च शिक्षणासाठी मराठी मुलामुलींनी गेल्या सव्वाशे वर्षांत अर्ज कसे केले आणि त्यासाठी पैसा कोठून आला, याचा मागोवा घेतला असता तो हिशेब बराचसा स्पष्ट होतो. त्यातील एक धागा वऱ्हाड-नागपूरच्या कापसापर्यंत येऊन पोहोचतो, ही गोष्ट अमरावती-अकोल्याच्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याची वाटावी.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मुंबईच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाला कधी नव्हे असा भाव आला. या तेजीत ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते सुरतेत जन्मलेले जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद. युद्ध संपताच बाजार कोसळला आणि त्यांच्या वैभवाला ओहोटी लागली. परंतु मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई टॉवर यांसाठी त्यांनी दिलेला पैसा आणि कलकत्ता विद्यापीठाला दिलेले दोन लाख रुपये बुडाले नाहीत. कलकत्त्याच्या त्या रकमेतून निघालेल्या प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचा मान मिळवणाऱ्यांत आशुतोष मुखर्जी होते. पुढे त्यांनीच कुलगुरू या नात्याने कलकत्त्यात विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण उभे केले. संपत्ती गेली, दान राहिले, असे याबाबतीत म्हणावे लागेल.

कापसाचा दुसरा धागा नागपूरचा. जमशेटजी टाटा यांनी आपली मोठी कापड गिरणी मुंबईत न काढता, जेथे कापूस पिकतो त्या मुलखाजवळ, म्हणजे नागपुरास काढली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. आज ती गिरणी चालू नाही. पण तिने मिळवून दिलेला नफा हा टाटांच्या पुढील अनेक कार्यांचा पाया होता. १८९२ साली त्यांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यांकरिता एक निधी स्थापन केला. त्याच्या पहिल्या लाभार्थींत डॉ. कृष्णाबाई केळवकर या मराठी विदुषी होत्या. पुढे त्यांनी कोल्हापुरात वैद्यकीय सेवा केली. हा निधी देणगी म्हणून नव्हे, तर कर्जरूपाने मदत देतो. शिकून आलेल्याने ते फेडावे आणि त्या पैशातून पुढचा विद्यार्थी जावा, ही त्यामागची योजना. घेणाऱ्याचा मान राखणारी आणि मूळ रक्कम शाबूत ठेवणारी ही पद्धत व्यापारी बुद्धीलाच सुचू शकते. विज्ञानाची एक संशोधन संस्था देशात असावी म्हणून जमशेटजींनी आपल्या मालमत्तेचा मोठा भाग देऊ केला. १९०४ साली ते निवर्तले. म्हैसूर दरबारने जमीन दिली आणि १९०९ साली बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था अस्तित्वात आली. ती पाहण्यास दाता हयात नव्हता.

ज्यांना असा दाता लाभला नाही, त्यांनी काय केले? याचे उत्तर विदर्भाचेच सुपुत्र डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या चरित्रात मिळते. वर्धा येथे जन्मलेले खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेस पोहोचले. देशाचे स्वातंत्र्य हे त्यांचे पहिले ध्येय होते आणि शेतीशास्त्र हे दुसरे. जवळ द्रव्य नव्हते. मिळेल ते काम करीत, मजुरीच्या पैशावर त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील कृषी महाविद्यालयांत शिक्षण घेतले. १९१३ साली वॉशिंग्टन स्टेट कॉलेजची पदवी मिळवली. त्याच सुमारास गदर चळवळीच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. क्रांतिकार्यामुळे मायदेशाचे दार बंद झाले, तेव्हा १९२४ पासून मेक्सिको ही त्यांची कर्मभूमी झाली. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मका व गहू यांच्या सुधारित वाणांवर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचे देहावसान झाले. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. एका वैदर्भीय माणसाने मजुरी करून मिळवलेली कृषिविद्या मेक्सिकोच्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडली. ऐन उमेदीच्या वर्षांत विदर्भाच्या वाट्याला ती आली नाही, हेही नोंदले पाहिजे.

दुसरा मार्ग होता विद्यापीठाला मिळालेल्या देणगीचा. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. कलकत्त्याचे नामांकित वकील सर रासबिहारी घोष यांनी १९१३ साली तेथील विद्यापीठास विज्ञानासाठी दहा लाख रुपये दिले. त्या निधीतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनासाठी आघारकरांची निवड झाली आणि उच्च अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले. इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तेथे अटकावून ठेवण्यात आले. तरीही अभ्यास सोडला नाही आणि १९१९ साली बर्लिनची डॉक्टरेट त्यांनी मिळवलीच. परतल्यावर घोष अध्यासनाचे काम त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. निवृत्तीनंतर १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. तिची संशोधन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बंगालच्या वकिलाने दिलेल्या पैशाचे फळ अशा रीतीने महाराष्ट्राला मिळाले.

तिसरा मार्ग स्नेह्याने दिलेल्या कर्जाचा. इरावती कर्वे यांना मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी जर्मनीला जायचे होते. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले; तरीही सुनेच्या परदेशगमनास त्यांची अनुकूलता नव्हती. पती दिनकर कर्वे पाठीशी उभे राहिले आणि पैशाची अडचण डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जाने दूर झाली. हेच जीवराज मेहता पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व दिसते अशी त्यांच्या मार्गदर्शकांची धारणा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांनी तिला दुजोरा दिला नाही, आणि त्यांनी जे आढळले तेच लिहिले. १९३० साली त्यांना पदवी मिळाली. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात, त्यांच्या शास्त्रीय शिक्षणामागे एका स्नेह्याचे वेळेवर दिलेले कर्ज होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

या सर्व मार्गांचा संगम कमला भागवत, म्हणजेच पुढे कमला सोहोनी, यांच्या जीवनात झालेला दिसतो. विदुषी दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत उत्तम यश मिळवून त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. गुणांनी अर्ज भक्कम होता. वडील व चुलते याच संस्थेचे विद्यार्थी होते. तरीही केवळ स्त्री म्हणून तो नाकारण्यात आला. तत्कालीन संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना त्या स्वतः जाऊन भेटल्या आणि आपला आग्रह सोडला नाही. अखेर एक वर्ष परीक्षणाखाली ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. दूध व डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले आणि १९३६ साली एम.एस्सी. पदवी मिळवली. ज्या संस्थेत हे घडले ती एम्प्रेस मिलच्या मालकाच्या दानातून उभी होती, हे येथे आठवावे.

पुढे केंब्रिजला जाण्यासाठी त्यांना मुंबई विद्यापीठाच्या दोन शिष्यवृत्त्यांचा आधार मिळाला. त्यांपैकी एक होती मुंबईचे एकोणिसाव्या शतकातील मोठे व्यापारी सर मंगळदास नथूभाई यांच्या नावची. मंगळदास शेठ १८९० साली वारले होते. म्हणजे ज्या व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी कमलाबाई जन्मल्या, त्याच्या पैशाने १९३७ साली त्या इंग्लंडला पोहोचल्या. नोबेल पारितोषिक विजेते सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात त्यांनी बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींवर काम केले आणि श्वसनक्रियेत भाग घेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य वनस्पतींतही असते हे दाखवले. अवघ्या चौदा महिन्यांत चाळीस पानांचा प्रबंध सादर करून १९३९ साली त्या पीएच.डी. झाल्या. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. मायदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथे त्यांनी अध्यापन-संशोधन केले. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा या पेयाच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना त्याचा कसा लाभ होतो हे दाखवले. नागपूरच्या गिरणीपासून निघालेला आणि मुंबईच्या पेढीवरून आलेला पैसा असा फिरून गरिबाच्या घरी पोहोचला.

या सर्व चरित्रांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. बुद्धी सर्वांपाशी होती, चिकाटीही होती. परंतु मार्ग खुला झाला तो योग्य वेळी हाती आलेल्या रकमेने. वऱ्हाडच्या शेतकऱ्यास हे निराळे सांगण्याची गरज नाही. मृगात न मिळालेले बियाणे दिवाळीला मिळून काय उपयोग? रक्कम किती, यापेक्षा ती केव्हा मिळाली याला शेतीत जसे महत्त्व, तसेच विद्येत. खानखोजे यांना ती मिळाली नाही, तेव्हा त्यांना आपल्या शरीरकष्टांतून ती उभी करावी लागली. प्रत्येकाची प्रकृती व परिस्थिती तितकी कणखर नसते.

आपल्या भागाचा विचार करता डॉ. पंजाबराव देशमुख यांचे स्मरण अपरिहार्य आहे. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ साली जन्मलेल्या पंजाबरावांनी एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतले. त्यांचा विषय वैदिक वाङ्मय हा होता. पण परदेशी शिक्षणाला किती खस्ता खाव्या लागतात हे त्यांनी अनुभवले होते. परतल्यावर अमरावतीत त्यांनी वसतिगृह काढले आणि श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. १९६५ साली त्यांचे निधन झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास त्यांच्या नावाने कृषी विद्यापीठ सुरू झाले. जे शिकण्यासाठी खानखोज्यांना समुद्र ओलांडावे लागले, ते पदव्युत्तर कृषिशिक्षण वऱ्हाडातच उपलब्ध झाले. ‘पीकेव्ही हाय-२’ यासारखे कापसाचे संकरित वाण याच विद्यापीठाने दिले. कापसाच्या पैशाने विद्या उभी केली, आणि विद्येने कापसाला नवे बियाणे दिले. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर जीवशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. यांसाठी नागपूर विद्यापीठावर अवलंबून राहण्याचे कारणही उरले नाही.

मग आज अडते कोठे? अनेक कुटुंबांत अजूनही असा समज आहे की परदेशी पीएच.डी. म्हणजे पन्नास लाखांचा खर्च आणि तो आपल्या आवाक्याबाहेरचा. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत जीवशास्त्राच्या पीएच.डी.साठी निवड झालेल्या विद्यार्थ्यास सामान्यतः शिक्षण शुल्क माफ असते आणि निर्वाहासाठी वेतनही मिळते. त्या बदल्यात त्याने अध्यापनात वा प्रयोगशाळेत काम करायचे असते. जर्मनीत पीएच.डी.चा विद्यार्थी बहुधा पगारी संशोधक म्हणूनच नेमला जातो. स्वखर्चाने करावयाची असते ती मुख्यतः दोन वर्षांची मास्टर्स पदवी, आणि दलालांच्या जाहिराती प्रायः तिच्याच असतात. हा भेद ठाऊक नसल्याने कित्येक पालक घर गहाण ठेवून मास्टर्सचा खर्च करतात आणि पीएच.डी.चा अर्ज मात्र भरतच नाहीत. २०२५ साली अमेरिकन सरकारने संशोधन अनुदानाला कात्री लावल्यानंतर तेथील काही विद्यापीठांनी जागा कमी केल्या, ही सावधगिरीची बाब आहे; त्यामुळे अर्ज एकाच देशात न करणे श्रेयस्कर.

देशातही मार्ग आहेत. सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे मिळते. जैवतंत्रज्ञान विभाग, वैद्यकीय संशोधन परिषद आणि कृषी संशोधन परिषद यांच्या पाठ्यवृत्त्या वेगळ्या आहेत. २०१४ साली जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, त्यामुळे मौलाना आझाद पाठ्यवृत्ती आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजसवलतीची ‘पढो परदेश’ योजना यांचा लाभ समाजातील विद्यार्थ्यांना खुला झाला होता. परंतु २०२२-२३ पासून या दोन्ही योजना बंद करण्यात आल्या. सरकारी योजना येतात आणि जातात. समाजाने उभारलेला निधी मात्र, मंगळदास शेठच्या निधीप्रमाणे, शतकाच्या अंतरानेही हात देऊ शकतो.

परदेशी पीएच.डी.साठी खरी निकड भासते ती निवड होण्यापूर्वी आणि पहिले वेतन हाती येईपर्यंत. अमेरिकेतील बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरच्या सुमारास संपते. प्रत्येक विद्यापीठाचे अर्ज शुल्क साधारण पंचाहत्तर ते शंभर डॉलर किंवा त्याहून अधिक असते. आठ-दहा ठिकाणी अर्ज करायचे तर तेवढ्यातच पाऊण लाख रुपये जातात. त्याखेरीज इंग्रजीची परीक्षा, व्हिसा, विमानाचे तिकीट, घराची अनामत आणि पहिल्या महिन्याचा निर्वाह मिळून खर्च तीन लाखांच्या आसपास येतो. पाच वर्षांचे शिक्षण ज्याला विनामूल्य मिळणार असते, तो या तीन लाखांपायी उंबरठ्यावरच अडतो. अनेक विद्यापीठे गरजूंना अर्ज शुल्क माफ करतात. पण त्यासाठी आधी विनंती करावी लागते, आणि हेही कोणी सांगितलेले नसते. तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. त्यासाठी पदवीच्या काळातच प्रयोगशाळेत मन लावून काम केलेले असावे लागते.

गावोगावच्या सामाजिक संस्था दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार दरवर्षी करतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पाकिटात काही रक्कम दिली जाते. त्या कौतुकाने मुलांना हुरूप येतो, हे निःसंशय. परंतु तोच विद्यार्थी बी.एस्सी. वा एम.एस्सी. होऊन नोव्हेंबर महिन्यात अर्ज भरण्यास बसतो, तेव्हा त्याच्यापाशी कोणी नसते. त्यासाठी फार मोठे भांडवल लागत नाही. टाटांच्या पद्धतीने कर्जरूपाने, मुदत ठरवून, सचोटीच्या विश्वासावर दिलेले तीन लाख रुपये फेडीतून परत येतील आणि पुढच्या मुलाला किंवा मुलीला देता येतील. विषयाची, लिंगाची वा गुणांच्या टक्केवारीची आडकाठी न घालता, अर्जाची तयारी पाहून ते द्यावेत. आधी गेलेल्या विद्यार्थ्याने नव्या विद्यार्थ्याचा अर्ज वाचून द्यावा, एवढीच अट त्याला जोडावी.

प्रेमचंद शेठांचे वैभव ओसरले, जमशेटजींची गिरणी बंद पडली, मंगळदास शेठांची पेढी आज कोणास आठवत नाही. त्यांनी विद्येच्या खात्यावर लिहिलेली रक्कम मात्र अद्याप व्याज देत आहे. वऱ्हाडात कापसाचा व्यापार करणाऱ्या घरांची आजही कमतरता नाही, आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसलेल्या मुलामुलींचीही नाही. या दोहोंची गाठ नोव्हेंबरच्या आत पडली पाहिजे, एवढेच.